पोल्ट्री शेडच्या गरम पाण्याच्या हीटिंगला ग्लायकॉल लागतं का, आणि ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अचलपूर तालुक्यात पाच हजार पक्ष्यांचं शेड उभं करताय, हिवाळ्याच्या बॅचला ब्रूडिंगसाठी, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायला, सिगड्यांऐवजी गरम पाण्याचे पाइप फिरवायचे आहेत, आणि एकाने ‘फुल ऑटोमॅटिक ग्लायकॉल सिस्टीम’ असं कोटेशन दिलंय. त्यात दोनशे लिटर ग्लायकॉल आहे, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं द्रव. ते घ्यावं का, आणि ऑटोमॅटिक पॅनल करतं तरी काय?

भाऊ, ग्लायकॉल घेऊ नका. कोटेशनमधली ती ओळ आधी खोडा, मग पुढचं वाचा.

मी मूळचा दर्यापूरकडचा. आयटीआय करून लेहला गेलो आणि तिथे एका मोठ्या इमारतीच्या प्लांट रूममध्ये सात हिवाळे काढले. डिझेलचे बॉयलर, खोल्याखोल्यांत रेडिएटर, आणि सगळ्या पाइपांत ग्लायकॉल मिसळलेलं पाणी. आता गावी आहे. शेडची वायरिंग, पंप, पॅनल अशी कामं करतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी हाताने केल्या आहेत. यातली एक बाजू चुकवलीही आहे, ते पुढे येईलच.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाडतं. लेहला जानेवारीत पारा उणे वीसच्या आसपास जातो. तिथे बॉयलर चार तास बंद पडला तर इमारतीचा प्रत्येक कोपरा धोक्यात येतो. म्हणून पाण्यात ग्लायकॉल. साधारण ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलं तर उणे तेरापर्यंत गोठत नाही, ५० टक्के घातलं तर उणे तेहतीसपर्यंत. ग्लायकॉलचं काम एवढंच. ते पाणी जास्त गरम करत नाही, उलट उष्णता कमी वाहून नेतं. निम्मं ग्लायकॉल असलं तर तेवढीच उष्णता पोचवायला साधारण एक दशांश जास्त पाणी फिरवावं लागतं. शिवाय ते घट्ट असतं, म्हणून पंपावरचा भार त्याहूनही वाढतो.

आता आपल्याकडचं बघा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तो तिथला नीचांक. शेकोट्या पेटल्या, तूर गारठली, पण नळ कोणाचाही फुटला नाही. वर चिखलदऱ्याला थंडी जास्त, पण तिथेही घरातला पाइप गोठून फाटलेला मी पाहिला नाही. आणि तुमचे पाइप तर पडदे लावलेल्या शेडमध्ये, पिल्लांच्या अंगाशी. मग ग्लायकॉल कायले?

त्यातून कोणी आग्रहच धरला तर एवढं विचारा की एथिलीन की प्रॉपिलीन. गाडीच्या कूलंटमध्ये बहुतेक एथिलीन असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. शेडमध्ये गळती होणार, कुत्रं किंवा पिल्लू ते पिणार, हे धरूनच चाला. शिवाय ग्लायकॉलला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप चालत नाही, आतल्या जस्ताशी त्यातल्या गंजरोधक रसायनांची प्रतिक्रिया होऊन गाळ बसतो. तुमच्या कोटेशनमध्ये ग्लायकॉलही आहे आणि जीआय पाइपही आहे, असं तुम्ही लिहिलंय. यावरून देणाऱ्याला किती माहीत आहे ते तुम्हीच समजा.

लेहचा एक प्रसंग सांगतो, कारण ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाची खोच त्यात आहे. आमच्या सिस्टीमला कोणीतरी पाण्याची आपोआप भरणारी लाइन जोडली होती. दाब कमी झाला की व्हॉल्व्ह उघडायचा आणि नळाचं साधं पाणी आत यायचं. दिसायला उत्तम सोय. एका सांध्यातून बारीक गळती सुरू झाली. दाब उतरला नाही, अलार्म वाजला नाही, कारण ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह इमानदारीने पाणी भरत होता. दोन महिन्यांत ग्लायकॉल गळून गेलं आणि आत नुसतं पाणी उरलं. ग्लायकॉल किती उरलंय ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने आम्ही कोणीही थेंब तपासला नाही. जानेवारीच्या एका पहाटे बाहेरची हवा ओढणाऱ्या युनिटची कॉइल गोठून फाटली. गळती कळू न देणारं ऑटोमेशन होतं ते. तेव्हापासून ग्लायकॉलच्या सिस्टीमला नळाची लाइन कधीच जोडू दिली नाही. वेगळी टाकी, त्यात तयार मिश्रण, आणि टाकीची पातळी उतरली की अलार्म.

तुमच्याकडे मात्र साधं पाणी असणार, म्हणजे बॉलकॉकवाली टाकी बिनधास्त चालेल. तिथे जी चूक होती, ती इथे बरोबर आहे. फक्त पाणी कोणतं, ते बघा. तुमची बोअर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात येत असेल तर ते पाणी भरू नका. आत क्षार बसतील आणि लोखंड खाल्लं जाईल. पत्र्यावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून एकदा भरलं की झालं, तेच तेच पाणी फिरत राहतं. उडून जातं ते अगदी थोडं.

आता ऑटोमॅटिकचं. लोकांना वाटतं की शेडमध्ये थर्मोस्टॅट लावला, ३३ अंशांवर ठेवला, गार झालं की पंप चालू, गरम झालं की बंद. चालतं, पण वाईट चालतं. थर्मोस्टॅटने पंप बंद केला तेव्हा पाइपांत ऐंशी अंशांचं पाणी भरलेलंच असतं. ते पुढची वीस मिनिटं शेड तापवतच राहतं. मग पारा ३६, पिल्लं चोच उघडून कडेला पळतात. नंतर पाइप गार होतो, पंप परत सुरू होईपर्यंत पारा ३० वर, पिल्लं एकमेकांवर चढतात. दूध उतू गेल्यावर धावणारी बाई आणि उतू जायच्या आधीच गॅस बारीक करणारी बाई, यांत जो फरक, तोच इथे.

लेहला दुसऱ्या बाईची रीत होती. बाहेर एक सेन्सर, उत्तरेच्या भिंतीवर, ऊन न लागेल असा. बाहेर जेवढी थंडी, तेवढं पाणी गरम. पंप सतत फिरतो, पाण्याचं तापमान मात्र बदलत राहतं. तिथून उचलून आणण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या कोटेशनमध्ये नाही! मी आपल्याकडे असं लावतो: बाहेर १० अंश असेल तर पाइपात जाणारं पाणी ६५, बाहेर २० असेल तर ५०. मधे दर अंशाला दीड अंश. बाहेर २८ झालं की ३८, म्हणजे जवळपास बंदच. हे आकडे माझ्या शेडचे आहेत. तुमच्या पाइपांची लांबी आणि पडद्यांची फट यांवर ते बदलतील, एका बॅचमध्ये बसतात. शेडमधला सेन्सर मग फक्त बारीक दुरुस्ती करतो, दोन-चार अंश वर-खाली. त्याला पिल्लांचं वयही सांगावं लागतं: पहिले दिवस ३३ च्या आसपास, मग आठवड्याला साधारण तीन अंश कमी.

पाण्याचं तापमान असं खालीवर करायचं तर बॉयलर आणि शेडच्या मधे थ्री-वे मिक्सिंग व्हॉल्व्ह लागतो, मोटरवाला. तो गरम पाण्यात शेडमधून परतलेलं गार पाणी मिसळतो. बॉयलर स्वतः ७५-८० वरच राहू द्या. बॉयलरकडे फार गार पाणी परतलं, साधारण ५५ च्या खाली, की धुरातली वाफ आतच पाणी होऊन बसते. लाकूड जाळत असाल तर काळा चिकट डांबरासारखा थर चढतो आणि पत्रा कुजतो.

सेन्सर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगू नका. पिल्लाच्या पाठीएवढ्या उंचीवर, पाइपापासून लांब, आणि तार कंड्युटमधून न्या, नाहीतर उंदीर ती कुरतडून पॅनलला पहिल्याच आठवड्यात ‘ओपन सेन्सर’, म्हणजे तार तुटली, असं दाखवायला लावतात.

आता माझी चूक. गावी आल्यावर पहिलं शेड केलं तेव्हा मी लेहचीच रचना उतरवली. बंद सर्किट, प्रेशर टँक, झडपा, सगळं चकाचक. बॉयलर मात्र पऱ्हाटीवर आणि तुराट्यांवर, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांवर चालणारा. डिझेलचा बर्नर वीज गेली की त्याच क्षणी विझतो. पऱ्हाटी विझत नाही. डिसेंबरात रात्री दोनला लाइन गेली, पंप थांबला, मिक्सिंग व्हॉल्व्ह जिथल्या तिथे अडकला, आणि भट्टीत निखाऱ्याचा डोंगर. बॉयलरमधलं पाणी उकळायला लागलं. सेफ्टी व्हॉल्व्हने वाफ सोडली म्हणून कोणी भाजलं नाही, पण एक सांधा सुटला आणि अर्ध्या शेडचं तूस भिजलं. शेजारचे काका कंदील घेऊन आले. म्हणाले, “काहून बा, पोल्ट्री चालू करून रायला का रेल्वे?” त्या बॅचची मरतुक मी माझ्या खिशातून भरली.

तेव्हापासून लाकडाच्या बॉयलरला मी बंद सर्किट करत नाही. बॉयलर सगळ्यांत खाली, उघडी टाकी सगळ्यांत वर, आणि दोघांच्या मधल्या पाइपावर एकही झडप नाही. उकळलं तर उकळलं, वाफ वर निघून जाईल. उघड्या टाकीतून हवेचा ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि लोखंड हळूहळू गंजतं, हे खरं. पण दहा वर्षांनी बदलावा लागणारा पाइप मला रात्री दोनच्या स्फोटापेक्षा परवडतो. दुसरं, बॉयलरच्या वरच्या अंगाला एक रुंद पाइपांची शाखा ठेवा, तिच्यावर ‘नॉर्मली ओपन’ व्हॉल्व्ह. वीज असेपर्यंत तो मिटलेला, वीज गेली की आपोआप उघडा. मग गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली येतं, आणि पंपाशिवाय थोडीफार उष्णता शेडमध्ये जात राहते. शाखेला उतार नीट द्या, मधे हवा अडकली तर काही फिरणार नाही.

तिसरं, पंप घरच्या इन्व्हर्टरवर घ्या. पाणी फिरवणारा छोटा पंप शे-दीडशे वॉट खातो, बॅटरीवर काही तास निघतात. पण भट्टीचा ब्लोअर मात्र इन्व्हर्टरवर घेऊ नका. लाइन गेली की ब्लोअर थांबला पाहिजे, म्हणजे जाळ मंदावतो. शेड गार होईल ही भीती असेल तर ५०० लिटरची, लोकर गुंडाळलेली साठवण टाकी मधे ठेवा. ती ८० वरून ५० वर येईपर्यंत १५,००० किलोकॅलरी देते. शेडला १५ किलोवॅट उष्णता लागते असं धरलं तर तासाभराहून थोडा जास्त वेळ. ग्लायकॉलचे वाचलेले पैसे या टाकीत घाला.

पॅनलमध्ये एक गोष्ट स्वतः उघडून तपासा. बॉयलरचा हाय-लिमिट थर्मोस्टॅट, म्हणजे ९० ला ब्लोअर तोडणारा, तो कंट्रोलरमधून न जाता थेट ब्लोअरच्या कॉन्टॅक्टरच्या (ब्लोअर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलला सीरिजमध्ये हवा, आणि हाताने दाबल्याशिवाय रीसेट न होणारा. कंट्रोलर हुशार असतो, पण व्होल्टेज १७० वर आल्यावर तो काय करेल ते सांगता येत नाही. त्याच कारणाने कॉन्टॅक्टरला दोन-तीन मिनिटांचा डिले टायमर लावा, नाहीतर लाइन येते-जाते तेव्हा तो खडखड वाजत जळतो. ब्लोअरसाठी महागडा पीआयडी, म्हणजे वेग बारीक-बारीक कमीजास्त करणारा कंट्रोलर, घेऊ नका. पऱ्हाटीचा जाळ इतका बेभरवशाचा की नुसता ऑन-ऑफ, पाच अंशांच्या फरकाने, तेवढंच काम देतो.

पिल्लांसाठी ही व्यवस्था म्हणजे काही नवीन खूळ नाही, हेही सांगतो. भट्टीचा झरोका आपोआप उघडमीट करून तापमान धरून ठेवणारं यंत्र सतराव्या शतकात ड्रेबेल नावाच्या डच माणसाने बनवलं, ते अंडी उबवायच्या पेटीसाठी. आणि १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोनेमँने गरम पाणी पाइपांतून फिरवून, दोन धातूंच्या कमी-जास्त प्रसरणावर भट्टीची हवा आवरून अंडी उबवली. आमच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे कोंबडी पह्यले, बिल्डिंग मागून.”

पिल्लं यायच्या दोन दिवस आधी रिकामं शेड तापवा. पडदे सोडा, तूस पसरा, रात्रभर चालू द्या आणि सकाळी बाहेरचा, पाण्याचा, शेडचा असे तीन आकडे वहीत लिहा. दुसऱ्या रात्री भट्टी पूर्ण भरलेली असताना मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरसकट, आणि खुर्ची टाकून अर्धा तास बसा. वरच्या टाकीतून थोडी वाफ आली, शाखेचा पाइप गरम लागला आणि बॉयलरचा काटा ९५ च्या आत थांबला, तर गाडीवाल्याला फोन करा, पिल्लं आणायला हरकत नाही.