रस्त्याचं नाव नेमकं कुठल्या भाषेतलं? नवीन असाल तर इथून सुरू करा

अहो, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींची म्हणजे ॲबोरिजिनल लोकांची भाषा ही एकच भाषा. ब्रिटिश आले तेव्हा तिथे अडीचशेच्या वर भाषा होत्या, त्यामुळे 'नेटिव्ह शब्द, अर्थ अमुक' एवढंच लिहिलेलं सापडलं तर ते जवळपास निरुपयोगीच. जुन्या पुस्तिकांमधून लोकांनी गोड वाटणारे शब्द उचलून हजार किलोमीटर लांबच्या गल्ल्यांना चिकटवलेत. कॅनबेरातलं अरांडाच बघा ना, जमीन नन्नवाल लोकांची, पण उपनगराचं नाव पार मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जकडच्या अरंडा लोकांवरून आणि तिथला बंडजलाँग क्रेसेंट न्यू साउथ वेल्सच्या पार उत्तरेकडच्या लोकांवरून!

म्हणून आधी नाव कधी आणि कोणी दिलं ते काढा, अर्थ नंतर. कौन्सिलचे जुने नकाशे बघा, ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट) जुने पेपर फुकट वाचता येतात, आणि स्पेलिंग बदलून बदलून सर्च करा, कारण या बहुतेक भाषांत ब-प, ग-क असा फरकच नाही, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं (सिडनीतलं पॅरामॅटा मुळात बरमत्ता). शब्दाच्या सुरुवातीचा 'ङ' तर इंग्रज कारकुनांनी सरळ खाऊनच टाकला बऱ्याचदा. यातल्या बऱ्याच भाषांत ट-ड-ण सारखे ध्वनी असतात, ते आपल्या कानाला सवयीचे, तेवढा फायदा आहे म्हणा.

सिडनीतलं नाव असेल तर विल्यम डॉझ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १७९०-९१ च्या वह्या ऑनलाइन आहेत, पट्येगरांग नावाच्या तिथल्याच ॲबोरिजिनल तरुणीने त्याला भाषा शिकवली होती, त्या बघाच. आणि शेवटी त्या भागातल्या ॲबोरिजिनल लोकांच्या लँड कौन्सिलला किंवा भाषा केंद्राला विचारा, पण आधी आपला गृहपाठ करून जा, नुसतं 'याचा अर्थ काय हो' असं नको.