रान गहाण टाकण्याआधी

कळंब तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक बी.एस्सी. नर्सिंग करून दोन वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूला आहे. एका सल्लागाराने त्यांना सांगितलं, ‘अमेरिकेतला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स घरबसल्या ऑनलाइन करा, पोरगी डॉक्टरसारखी औषधं लिहील.’ फीसाठी दोन एकर रान गहाण टाकू का, असं ते विचारतात.

भाऊ, सध्या रानाला हात लावू नका. कोर्स खोटा आहे असं मी म्हणत नाही. तिथे नर्स प्रॅक्टिशनर खरंच पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहिते. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी हे शिक्षण सुरू केलं, कारण गोरगरिबांच्या लेकरांना तपासायला डॉक्टर पुरत नव्हते. आपल्या वाड्या-तांड्यांचीच गोष्ट वाटते ना?

पण औषध लिहिण्याचा अधिकार नुसत्या पदवीने मिळत नाही, त्याला तिथल्या राज्याचा परवाना लागतो. आधी एनक्लेक्स परीक्षा देऊन तिथली रजिस्टर्ड नर्स व्हायचं. मग एम.एस.एन. किंवा डी.एन.पी. (नर्सिंगमधली मास्टर्स किंवा डॉक्टरेट), त्यानंतर निवडलेल्या शाखेची परीक्षा आणि शेवटी परवाना. इतकं करूनही काही राज्यांत डॉक्टरशी लेखी करार लागतोच. लेक्चर ऑनलाइन होतात, एवढं सल्लागाराचं खरं. मात्र शेकडो तास प्रत्यक्ष पेशंटवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काढावे लागतात. ते घरबसल्या कसे होणार? आणि ती पदवी घेऊन इथे दवाखाना थाटता येत नाही.

सल्लागाराला तीनच गोष्टी लेखी मागा: कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या तिथल्या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का, तिथला नर्सिंग परवाना नसताना प्रवेश मिळतो का, आणि प्रत्यक्ष कामाचे तास कोणत्या दवाखान्यात होणार. तो ‘नंतर बघू’ म्हणाला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. नर्सच्या नोकरीवर ग्रीन कार्ड मिळतं, पण भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे, तेही धरून चाला.

आपल्याकडे भारतीय नर्सिंग परिषदेने आखलेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी कोर्स आहे. बी.एस्सी., नोंदणी आणि किमान वर्षभराचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. तुमच्या लेकीकडे हे सगळं आहे, तेही आयसीयूचं. वर्गापेक्षा बेडजवळचं शिक्षण जास्त. व्हेंटिलेटर, तातडीची औषधं हे ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे हाताळायला शिकवतात. यात अडचण अशी की कॉलेजं मोजकी आहेत आणि सगळ्या दवाखान्यांत या पदाची वेगळी जागा किंवा वेगळा पगार नाही. प्रवेशाआधी ‘तुमच्याकडे शिकून गेलेल्या मुली आज कुठे आहेत?’ असं थेट विचारा. बाळंतपणाच्या कामाची आवड असेल, तर मिडवाइफरीचा 18 महिन्यांचा कोर्सही आहे.

तिला पुढे कॉलेजात शिकवण्याचंच काम करायचं असेल तर साधी एम.एस्सी. नर्सिंग बरी. माझं विचाराल, तर तिने नोकरी न सोडता एम्सच्या नॉरसेटचा, म्हणजे तिथल्या सरकारी नर्सभरतीच्या परीक्षेचा, अभ्यास आजच सुरू करावा. अमेरिकेचं दार त्याने बंद होत नाही. एनक्लेक्स नंतरही देता येते, आणि ती रान न गहाण टाकता, स्वतःच्या पगारातून.

तुमच्या पत्रात पाहुण्यांचं मत आहे, सल्लागाराचं आहे, लेकीचं नाही. तिला आयसीयूच हवंय की बाळंतपणाचा वॉर्ड, एवढं विचारून पुन्हा लिहा. तिनेच लिहिलं तर आणखी बरं.