नवरा मारतो, पण मुलांसमोर कधीच नाही. मुलांसाठी संसार टिकवावा का?

ताई, 'मुलांसमोर कधीच नाही' हे वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात दोन खोल्यांत राहायचो. उन्हाळ्यात रात्री बाबा उठून कुलर फास्टवर करायचे. आम्हा भावंडांना गार लागावं म्हणून नव्हे, आतल्या खोलीतलं ऐकू येऊ नये म्हणून. सगळं ऐकू यायचं. टाकीतलं पाणी संपून पंप कोरडाच घरघरायचा, तरी पाणी टाकायला कुणी उठायचं नाही. धाकटा भाऊ माझं बोट धरून मोजायचा, एक, दोन, तीन. सकाळी आई भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून डबे भरायची आणि आम्हीही काही ऐकलं नाही असं वागायचो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आज मी 42 वर्षांची आहे. नागपुरात पारा 45 वर जातो, तरी माझ्या झोपायच्या खोलीत कुलर नाही. घरात कुणाचा आवाज चढला की भाऊ भरल्या ताटावरून उठून जातो, दोन-दोन दिवस बायकोशी बोलत नाही.

आमची मोठी आई अजून म्हणते, "तिने सहन केलं म्हणून तुम्ही शिकले." साफ चूक. आम्ही शिकलो ते आईच्या शिलाई मशीनवर. मार खाऊन कुणाची फी भरली गेली नाही.

संसार मोडा की ठेवा, ते मी ठरवणार नाही. पण मोडल्याशिवायही संरक्षण मिळतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर सासरच्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क मागता येतो. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायचा आदेशही देऊ शकतात, खर्चाला पैसेही मिळू शकतात. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. आईच्या वेळी हा कायदा नव्हता. 498 अ, म्हणजे सासरच्या छळाचं फौजदारी कलम होतं, पण ते लावलं की नवरा जेलात आणि आपण माहेरी, एवढंच तिला ठाऊक.

एक मात्र सांभाळा. निघायचं ठरलं तर त्याला आधी कळू देऊ नका, तेव्हाच धोका वाढतो. कागदपत्रं शेजारी विश्वासाच्या बाईकडे ठेवा. 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (तातडीची मदत) लावा.

मागच्या दिवाळीत मोठ्या आईने पुन्हा तेच काढलं. आई चकल्या तळत होती. झारा खाली ठेवून म्हणाली, "बाई, लेकरं तेव्हा झोपलेली नसत. मला माहीत होतं."