गाजरगवताचे भुंगे द्राक्षबागेजवळ चालतील का?

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात गाजरगवत माजले आहे. ते खाणारे भुंगे आणून सोडावेत, असे पाहुण्यांनी सुचवले. पण शेजारी सूर्यफूल आहे. भुंगे पिकावर जाणार नाहीत ना? – एक वाचक, तासगाव

उत्तर : पाहुण्यांनी सुचवलेला भुंगा म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, अर्थात मेक्सिकन भुंगा. गाजरगवत परदेशातून आपल्याकडे आले, त्याचे नैसर्गिक शत्रू मात्र तिकडेच राहिले. म्हणून 1983 मध्ये हा भुंगा मेक्सिकोतून बंगळुरूला आणून, चाचण्यांनंतर 1984 पासून सोडण्यात आला. द्राक्षाला त्याच्यापासून धोका नाही.

सूर्यफुलाबाबतची आपली शंका मात्र रास्त आहे. 1990 च्या सुमारास कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसले आणि बराच गदारोळ झाला. पुढे तपासात असे आढळले की, शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा तिकडे ओढला जातो. तेव्हा सूर्यफुलालगतचे गाजरगवत फुलण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे आणि भुंगे तिथे न सोडता ओढ्याकाठी सोडावेत.

मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, ही त्याची खूण. पाने उलटून पाहिल्यास खालच्या बाजूस पिवळसर अंडी दिसतात. अळ्या कोवळे शेंडे खातात, त्यामुळे फुलोरा कमी येतो आणि बी कमी पडते. झाडाची पाने गेली यापेक्षा हा लाभ मोठा आहे, कारण एक झाड हजारो बिया टाकते आणि जमिनीत पडलेले बी पुढे कित्येक हंगाम उगवत राहते. एका पावसाळ्यात रान स्वच्छ होईल, अशी अपेक्षा म्हणूनच धरू नये. (कृष्णेतल्या जलपर्णीवरही हेच भुंगे सोडा, असे सुचवणारे भेटतात, पण तिच्यासाठीचे सोंडे, म्हणजे सोंडेसारखे तोंड असलेले भुंगे, निराळे आहेत.)

आपल्याकडे खरी अडचण फवारणीची आहे. बागेतले कीटकनाशक वाऱ्याने ओढ्यापर्यंत गेले, तर भुंगे मरतील. शिवाय त्या पट्ट्यात तणनाशक मारल्यास त्यांना खायलाच उरणार नाही. पाऊस स्थिरावून गवत कोवळे असताना, साधारण जुलैत, ते एकाच दाट पट्ट्यात सोडावेत. पावसाळा सरला की ते जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसात वर येतात, म्हणून उन्हाळ्यात तो पट्टा नांगरू नये.