वाचक विचारतात : डीसी वाहिनी कुठे तारते, कुठे अडते

प्रश्न : चंद्रपूर–पडघे डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाच्या) वाहिनीचा एक पोल (स्वतंत्र चालू शकणारी अर्धी बाजू) बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. मग दुरुस्ती होईपर्यंत तसंच का चालवत नाहीत?

चालवतात, पण जपून. वाहिनी 752 किमी, ±500 केव्ही, 1500 मेगावॉट. पोलमागे 750 मेगावॉट, म्हणजे पूर्ण लोडला 1500 अँपिअर. दोन्ही पोल सारखे चालत असले की जमिनीतून जवळपास काहीच जात नाही. एक गेला की दुसऱ्याचा सगळा प्रवाह अर्थ इलेक्ट्रोडवाटे (जमिनीत पुरलेल्या वाहकावाटे) जमिनीतून परततो. त्याने पुरलेल्या लोखंडी पाइपलाइनी गंजतात. आसपासच्या उपकेंद्रांत हा प्रवाह न्यूट्रलमधून (जमिनीला जोडलेल्या टोकातून) ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. कोअर (आतला लोखंडी गाभा) सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, ट्रान्सफॉर्मर जोरात घुमतो आणि तापतो. म्हणून ही सोय थोड्या वेळापुरती. बिघाड कन्व्हर्टरमध्ये (एसी म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची डीसी किंवा उलट करणाऱ्या यंत्रणेत) असेल तर बंद पोलची तार मोकळीच असते. स्विचिंग करून तिलाच परतीचा मार्ग करतात. याला मेटॅलिक रिटर्न म्हणतात. तारच तुटली असेल तर मात्र ही वाट बंद.

प्रश्न : पडघ्याजवळ एसी वाहिनीवर फॉल्ट आला की डीसी का डगमगते?

या वाहिनीच्या कन्व्हर्टरमधला थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू करता येतो, हुकमी बंद करता येत नाही. त्यासाठी एसी व्होल्टेजचाच आधार लागतो. व्होल्टेज दहाएक टक्क्यांनी खचलं तरी प्रवाह एका व्हॉल्व्हवरून (थायरिस्टरांच्या संचावरून) दुसऱ्यावर जायचा राहू शकतो. याला कम्युटेशन फेल्युअर म्हणतात. क्षणभर वाहिनीतली वीज शून्य होते, व्होल्टेज सावरलं की पुन्हा उभी राहते. वारंवार झालं तर संरक्षण यंत्रणा पोल ब्लॉक करते. शिवाय अशी कन्व्हर्टर स्टेशनं वाहत्या विजेच्या निम्म्याच्या आसपास रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) खातात. फिल्टर बँका ती पुरवतात आणि 11वा-13वा हार्मोनिकही (मूळ वारंवारतेच्या 11-13 पटीच्या नकोशा लहरी) गिळतात. थोडक्यात, ज्या ग्रिडला टेकू द्यायचा ती आधी बऱ्यापैकी दणकट असावी लागते. जाहिरातीत हे सांगत नाहीत!

प्रश्न : मुंबईला वीज आणणारी कुडूस–आरे डीसी वाहिनी जेमतेम 80 किमी. एवढ्याशा अंतराला डीसी कशाला?

ओव्हरहेड वाहिनीत डीसी परवडायला साधारण 600-800 किमी लागतात, हे खरं. पण इथे सुमारे 50 किमी भूमिगत केबल आहे. 400 केव्हीची एसी केबल घातली आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किमीला 0.2 मायक्रोफॅरड धरला, तर चार्जिंग करंटच (केबल भरण्यात जाणारा प्रवाह) किमीला 14-15 अँपिअर. 50 किमीला 700च्या वर. या वाहिनीच्या 1000 मेगावॉटला लागतात सुमारे 1450 अँपिअर. केबलची बरीच ताकद स्वतःलाच भरण्यात जाणार. ते टाळायचं तर मधे रिॲक्टर (हा करंट भरून काढणाऱ्या मोठ्या गुंडाळ्या) बसवायला जागा हवी, आणि मुंबईत ती कुठून आणायची? डीसीत हा करंट नाहीच.

दुसरं, नवी एसी वाहिनी जोडली की शहरातली फॉल्ट लेव्हल (बिघाडात वाहू शकणारा प्रवाह) चढते, तो तोडणारे जुने ब्रेकर अपुरे पडतात. इथला ±320 केव्हीचा कन्व्हर्टर आयजीबीटीवर (हुकमी बंदही करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालतो. फॉल्टमध्ये तो रेटेड करंटपेक्षा फारसं जास्त देत नाही, कम्युटेशन फेल्युअरचा प्रश्न उरत नाही, आणि अंधारातल्या ग्रिडला शून्यापासून व्होल्टेज देता येतं. 12 ऑक्टोबर 2020ला मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या ट्रिप झाल्या, त्या दिवशी नेमकी हीच सोय हवी होती. चंद्रपूरची डीसी शहरापर्यंत पोचतच नाही, पडघ्याला संपते. तिथून पुढे कळव्यापर्यंत एसीच.