वाचक विचारतात : टीबीच्या झटपट तपासण्या

प्रश्न : लिक्विड कल्चरची (द्रवात जंतू वाढवण्याची) नळी मशीनने पॉझिटिव्ह दाखवली, पण टीबी ओळखणाऱ्या पट्टीवर कंट्रोलची (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) एकच रेघ आली. रिपोर्टमध्ये ‘टीबी नाही’ लिहायचं का?

उत्तर : नाही, इतक्यात नको. नळी पॉझिटिव्ह आली याचा अर्थ आत काहीतरी वाढतंय, एवढाच. मशीनला फक्त ऑक्सिजन संपलेला कळतो, तो कोणी संपवला हे कळत नाही. म्हणून पट्टी वापरण्याआधी नळीतल्या द्रवाची झील-नील्सन स्लाइड (टीबीसारखे जंतू लाल रंगवणारी) करा आणि एक थेंब ब्लड अगारवर (इतर जंतू पटकन वाढणाऱ्या रक्तमिश्रित माध्यमाच्या प्लेटवर) टाका. एक-दोन दिवसांत प्लेटवर वसाहती दिसल्या, तर नळीत इतर जंतू शिरलेत. स्लाइडवर लाल काड्या दोरीसारख्या पिळात दिसल्या, तर टीबीचा संशय बळावतो. पण टीबीचे काही भाऊबंदही असा पीळ घालतात, त्यामुळे तेवढ्यावर शिक्का मारू नये.

पट्टी एमपीटी-६४ हे प्रथिन शोधते. टीबीचे जंतू वाढताना ते बाहेर सोडतात. नळी हलवून १०० मायक्रोलिटर द्रव पट्टीवर टाकायचा आणि १५ मिनिटांनी वाचायचं. दोन रेघा म्हणजे टीबी गटातला जंतू. या गटातला नेमका कोणता, मानवी की गुरांचा, हे मात्र पट्टी सांगत नाही. कंट्रोलची रेघच उमटली नाही तर ती पट्टी बाद.

फक्त कंट्रोलची रेघ आली, तर कारणं तीन-चार असू शकतात. जंतू खरोखरच टीबीबाहेरचा असेल. नळी नुकतीच पॉझिटिव्ह झाली असेल आणि प्रथिन पुरेसं साठलं नसेल. हे बऱ्याचदा घडतं. जंतूच्या एमपीटी-६४ जनुकात बदल झालेला असेल. किंवा तो बीसीजी लशीचा वाण असेल, कारण त्यातल्या काही वाणांत हे जनुकच नसतं. स्लाइडवर आम्लरोधी, म्हणजे त्या लाल काड्या असतील तर नळी परत ३७ अंशांवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी नवी पट्टी लावा. तरीही एकच रेघ आली, तर लाइन प्रोब किंवा पीसीआर या डीएनए-तपासण्यांनी ओळख पटवा. नळी बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू हवेत पसरू न देणाऱ्या कपाटात) उघडा. वापरलेल्या पट्टीवर जिवंत जंतू असतात, तीही ऑटोक्लेव्हमध्येच (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) गेली पाहिजे.

प्रश्न : अल्ट्रा कार्ट्रिजच्या (मशीनमध्ये टीबीचा डीएनए शोधणाऱ्या डबीच्या) रिपोर्टवर ‘ट्रेस’ आलं आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधापुढे ‘अनिश्चित’. हे मशीन बिघडल्याचं लक्षण आहे का?

उत्तर : मशीन ठीक आहे. जंतू शोधण्यासाठी अल्ट्रा असे डीएनए-तुकडे धरते, ज्यांच्या एका जंतूत अनेक प्रती असू शकतात. रिफाम्पिसिनचा प्रतिरोध ज्यावरून कळतो, त्या आरपीओबी जनुकाची मात्र एकच प्रत असते. जंतू फारच थोडे असले की पहिले तुकडे सापडतात आणि आरपीओबी हाती लागत नाही; म्हणून ‘ट्रेस’ आणि ‘अनिश्चित’ येतं.

एचआयव्हीबाधित व्यक्ती, लहान मूल किंवा फुप्फुसाबाहेरचा नमुना असेल, तर ‘ट्रेस’ पॉझिटिव्हच धरतात. आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात सांभाळून, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही मशीनला सापडतो. याच कारणाने गोळ्या लागू पडताहेत का, हे पाहायला ही तपासणी वापरत नाहीत; त्यासाठी स्लाइड आणि कल्चर.

प्रश्न : आमच्याकडे कार्ट्रिज वारंवार ‘एरर’ दाखवतं. नमुन्यात दोष असेल का?

उत्तर : आधी नमुनाच तपासा. बेडका हवा, लाळ नको. अन्नाचे कण असतील तर नवा नमुना मागा. एक भाग बेडक्याला दोन भाग रिएजंट (कार्ट्रिजसोबतचा, बेडका पातळ करणारा द्रव) घाला, झाकण घट्ट लावून जोरात हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मधे एकदा पुन्हा हलवा. ही पायरी घाईत हमखास राहते. मग द्रव पातळ, एकसारखा दिसायला हवा. गाठी तशाच कार्ट्रिजमध्ये गेल्या की आतला दाब वाढतो आणि तपासणी मधेच थांबते. १५ मिनिटांनीही द्रव चिकट वाटला तर आणखी पाच-दहा मिनिटं थांबा, मग पिपेटने खुणेपर्यंत, म्हणजे २ मिलीलिटर, बुडबुडे न येऊ देता भरा.