उद्योग सल्ला: अनुदान, कर्ज आणि अडकलेली बिलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गैरसमज दिसतो: सरकार पैसे देतं आणि बँक ते फक्त आपल्यापर्यंत पोचवते. प्रत्यक्षात बहुतेक योजनांत आधी बँकेचं कर्ज असतं आणि अनुदान त्या कर्जाच्या मागून येतं. म्हणून कोणतं पाऊल आधी आणि कोणतं नंतर, यालाच सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

प्रश्न: मी महिला आहे. गावात कपडे शिवण्याचं छोटं युनिट टाकायचंय, खर्च २० लाख. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ३५ टक्के अनुदान म्हणजे ७ लाख मिळतात असं कळलं. मग मला १३ लाखांचंच कर्ज काढावं लागेल ना? (एक वाचक, बार्शी तालुका)

नाही, हिशेब असा नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग हे या योजनेत विशेष प्रवर्गात येतात. त्यांचा स्वतःचा वाटा ५ टक्के. म्हणजे २० लाखांतले १ लाख तुमचे आणि १९ लाखांचं कर्ज बँकेचं. समजा १५ लाख मशिनरी व शेडचे आणि ५ लाख खेळत्या भांडवलाचे धरले, तर १४.२५ लाख मुदत कर्ज आणि ४.७५ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (लागतील तसे पैसे उचलायचे आणि परत भरायचे, असं खातं) मंजूर होईल.

कर्जाची उचल झाल्यावर बँक ७ लाखांची मागणी वर पाठवते. ती रक्कम तुमच्या नावाने बँकेतच मुदत ठेवीत तीन वर्षं अडकून राहते. या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर बँकेनंही व्याज आकारायचं नसतं. इथंच अनेकांचं नुकसान होतं, कारण शाखेच्या संगणकात ही जोडणी केलेली नसते आणि व्याज पूर्ण १९ लाखांवर चालू राहतं. दर ११ टक्के धरला तर ७ लाखांवर वर्षाला ७७ हजार रुपये जास्तीचे जातात. अनुदान जमा झाल्याचा संदेश आला की पुढच्याच महिन्याचा खातेउतारा घ्या आणि व्याज कोणत्या रकमेवर लागलंय ते पाहा. चूक दिसली तर शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तीन वर्षांनी युनिटची प्रत्यक्ष पाहणी होते. ते चालू असेल, तर ७ लाख कर्जात वळते होतात. शिलाई मशिन गुंडाळून ठेवलेली आढळली, तर अनुदान परत जातं. युनिटवर योजनेचं आणि बँकेचं नाव असलेला फलकही लावावा लागतो. साधी गोष्ट आहे, पण पाहणीत फलक नसल्याचा शेरा हमखास पडतो.

खेळतं भांडवल फुगवून दाखवू नका. तीन वर्षांत कॅश क्रेडिटची मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान वसूल होतं. जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

३५ टक्के हा ग्रामीण दर आहे. शहरी भागात विशेष प्रवर्गाला २५ टक्के. सर्वसाधारण प्रवर्गाला ग्रामीण २५ आणि शहरी १५ टक्के, स्वतःचा वाटा १० टक्के. ग्रामीण की शहरी हे युनिटच्या जागेवरून ठरतं, तुमच्या घरावरून नाही. ग्रामपंचायतीची हद्द ग्रामीण; गावाची नगरपंचायत झाली असेल तर शहरी. भाडेकरार करण्याआधी हद्द तपासा, एका रस्त्याच्या फरकाने २ लाख जाऊ शकतात.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळामार्फत याच धर्तीवर चालतो. त्याच्या मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आल्या आहेत, म्हणून चालू आकडे पोर्टलवर पाहूनच प्रोजेक्ट रिपोर्ट बनवा. दोन्हींचा लाभ एकाच प्रकल्पाला मिळत नाही.

प्रश्न: दिवाळीत ऑफर होती म्हणून मसाला दळण्याचं यंत्र घेऊन टाकलं. आता अनुदानासाठी अर्ज केला तर चालेल का? (सिन्नर)

घेतलेल्या यंत्रावर अनुदान मिळणार नाही. वरच्या दोन्ही योजना मुख्यतः नव्या युनिटसाठी आहेत आणि खरेदी कर्जमंजुरीनंतरची लागते. बिलाची तारीख मंजुरीपत्राच्या आधीची असली की प्रकरण तिथंच संपतं.

पण तुमचं काम अन्नप्रक्रियेचं आहे, त्यामुळे एक दार उघडं आहे. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना चालू युनिटच्या विस्तारालाही लागू होते. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. प्रवर्ग किंवा शहर-गाव यावर दर बदलत नाही. शहरात राहणाऱ्या सर्वसाधारण प्रवर्गातल्या माणसाला १० लाखांच्या प्रकल्पावर पंतप्रधान रोजगार निर्मितीत दीड लाख मिळतात, इथं साडेतीन. मसाला, पापड, लोणचं, बेकरी, गूळ, काजू यांपैकी काही करणाऱ्याने हा पर्याय आधी पाहावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा आहे ते यंत्र चालू द्या आणि पुढच्या यंत्रांसाठी, म्हणजे पल्व्हरायझर, पाऊच पॅकिंग, ड्रायर यांसाठी अर्ज करा. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ कोण आहेत ते विचारा. प्रोजेक्ट रिपोर्ट, ऑनलाइन अर्ज, बँकेतला पाठपुरावा हे त्यांचंच काम आहे आणि त्याचं मानधन त्यांना सरकारकडून मिळतं. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही.

प्रश्न: जिल्हा उद्योग केंद्राने माझा अर्ज बँकेकडे पाठवला. तीन महिने झाले, साहेब ‘बघू’ म्हणतात. आता तारणही मागताहेत. (करमाळा)

जिल्हा उद्योग केंद्र फक्त शिफारस करतं. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. पण ‘बघू’ हे उत्तर होत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्ज अर्जावर १४ कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. हे दिवस सगळी कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून मोजतात. म्हणून कागदांची यादी करून एकदाच द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही. त्यावरच्या रकमेला पत हमी न्यासाचं (सीजीटीएमएसई), म्हणजे तारणाऐवजी बँकेला हमी देणाऱ्या संस्थेचं, संरक्षण घेता येतं. अर्जात ‘सीजीटीएमएसई हमीखाली कर्ज मंजूर करावे’ असं वाक्य स्वतःहून घाला. हमी शुल्क लागतं, पण घर गहाण ठेवण्यापेक्षा ते परवडतं.

आता दुसरी बाजू. प्रकरणं अडतात ती बहुतेक ठरावीक कारणांनी. जुना मोबाइलचा किंवा बचत गटाचा थकीत हप्ता सिबिलमध्ये दिसतो. कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक नसतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि कर्ज सात वर्षांचं. प्रोजेक्ट रिपोर्ट झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याचं नाव खोडून केलेला असतो आणि त्यात विजेचा खर्चच नसतो. शाखाधिकारी विचारतो, ‘महिन्याला किती माल विकला की हप्ता निघेल?’ याचं उत्तर तोंडपाठ नसेल तर पुढचं बोलणं खुंटतं. ते उत्तर कागदावर आणि डोक्यात, दोन्हीकडे हवं.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा. ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांकडे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे जा; अशी प्रकरणं जिल्हास्तरीय बैठकीत घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विलंबाची तक्रार चालते, तीही आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबल्यावर. ‘कर्ज द्याच’ असा आदेश मात्र लोकपाल देत नाही.

प्रश्न: ‘उद्यम प्रमाणपत्राचं नूतनीकरण करा, २,४९९ रुपये भरा’ असा फोन आला. भरावे का? (चिपळूण)

नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, तिला नूतनीकरण नाही. ती फक्त सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅनवर होते. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं शोधयादीत वर दिसतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तरच पुढे जा.

प्रश्न: अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यासाठी कर्ज मंजूर झाल्यावर अर्ज करायचा की आधी? (पैठण)

आधी. महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रता प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग त्या तारखेनंतर बँकेकडून कर्ज मंजूर करून घ्यायचं. उलट केलं तर परतावा मिळत नाही, आणि हे सांगायला बँक बांधील नाही. वैयक्तिक योजनेत १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, १२ टक्के दराच्या मर्यादेत, एकूण साडेचार लाखांपर्यंतचं व्याज परत मिळतं. हप्ता आधी तुम्ही भरायचा, वेळेवर भरायचा, मग खातेउतारा जोडून मागणी करायची. परतावा कधीकधी काही महिने रखडतो. म्हणून हप्त्याची आखणी परतावा येणारच नाही असं धरून करा.

प्रश्न: आमचं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. एका कंपनीकडे ४ लाख २० हजार थकलेत. त्यांच्या ऑर्डरवर ‘९० दिवसांनी पैसे’ असं छापलंय. उद्यम नोंदणी जुनी आहे. काही करता येईल? (भोसरी)

येईल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस. ९० दिवसांची ती ओळ तुम्हाला बंधनकारक नाही. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक ठरवते त्या व्याजदराच्या) तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. बँक रेट ५.५० टक्के धरला तर दर १६.५ टक्के होतो, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला सुमारे ७४,८०० रुपये.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या थकबाकी तक्रार पोर्टलवर उद्यम क्रमांकाने अर्ज करा. तो तुमच्या विभागाच्या सुकरीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातो. तिथं आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निकाल विरोधात गेला तर खरेदीदाराला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. बरेच खरेदीदार परिषदेची नोटीस आल्यावरच तडजोडीला तयार होतात.

सोबत परचेस ऑर्डर, बिलं, डिलिव्हरी चलनं आणि खातेउतारा जोडा. दावे हरतात ते चलनांवर: माल गेटवर उतरवला, पण ‘माल मिळाला’चा सही-शिक्का नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल तर तो स्वीकारला असं धरतात, म्हणून पोचतारीख सिद्ध करता आली पाहिजे. पैसे थकल्यापासून तीन वर्षं उलटू देऊ नका.

अर्जाआधी एक पत्रही पाठवून पाहा. आयकर कायद्यात २०२४ च्या एप्रिलपासून अशी तरतूद लागू झाली की सूक्ष्म व लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. फेब्रुवारीत त्यांच्या हिशेब विभागाला, उद्यम प्रमाणपत्र जोडून, एवढंच कळवा. यापुढे प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. हे सगळं उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे; केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण थकबाकीचं हे संरक्षण नाही.

प्रश्न: मी चर्मकार आहे. विश्वकर्मा योजनेत १५ हजार रोख मिळतात का? (लातूर)

रोख नाही. ते साहित्यसंचासाठीचं ई-व्हाउचर असतं. आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासून सुरू होणारी तीन टप्प्यांची पडताळणी, मग पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण (दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन). त्यानंतर ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज आणि ते फेडल्यावर दुसरं २ लाखांपर्यंतचं, दोन्ही विनातारण. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. गेल्या पाच वर्षांत पंतप्रधान रोजगार निर्मितीचं कर्ज घेतलं असेल तर अर्ज बाद होतो. मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलं असेल तर चालतं. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात मोफत. जाताना आधारला जोडलेला मोबाइल आणि रेशनकार्ड बरोबर न्या, आणि अंगठ्याचा ठसा उमटत नसेल तर आधी आधार केंद्रात तो अद्ययावत करून घ्या. चामड्याचं, दगडाचं, मातीचं काम करणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात; नोंदणी तिथंच अडते.